गर्दीपुढे घातलेलं गाऱ्हाणं

मिरकरवाडा, रत्नागिरी
(बर्फाच्या खोलीतून, म्हणून अक्षर थरथरलंय. घाबरून नाय.)

तीर्थरूप मथुराआतेस,

शुभंकरचा वाकून नमस्कार. (कागदावर वाकता येत नाय, पण वाकलो असं धर.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? खानावळीतला नवीन आचारी टिकला का, की त्यालाही तू आमटी शिकवायला गेलीस? इथे सगळे बरे आहेत. बाबांचा खोकला गेला, आईची मांजर परत आली, आणि गंगारामकाका बोटीवरून आल्यापासून घरातल्या नळाचं पाणीसुद्धा "बोटीवर असं नव्हतं" म्हणून पितात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू "बोल की रे, बोल" म्हणतेस आणि मग जे काय थोडं तोंडापर्यंत आलेलं असतं तेपण माघारी जातं. कागद कसा, गप पडून राहतो. शाळा सोडल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा चुका पोटात घाल. पत्र टेम्पोवाल्या दीपककडे देतोय. तो देवरूखच्या बाजारात मासे घेऊन येतो तेव्हा तुझ्याकडे जेवतो म्हणे, आणि वर तुझ्या भाकरीला नावं ठेवतो. (हे मी सांगितलं असं सांगू नको.)

तर बोटीची हकिगत. अजिंक्यदादाने त्याच्या मुंबई-गोवा फिरायच्या बोटीचे घरच्यांसाठीचे दोन पास पाठवले, आणि तुझा गुडघा आणि खानावळ दोन्ही जागची हलेनात, म्हणून तू ते काकांना आणि मला दिलेस. पोरगा बोटीवरच्या किचनात कांदे कापतो आणि आई देवरूखात, त्यापेक्षा भावाने तरी बघून यावं, असं तू म्हणालीस. इथपर्यंत ठीक होतं. पण मग सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "दोन हजार माणसांत राहून ये. भीड चेपली तर दसऱ्यापासून माझ्या गल्ल्यावर बसायचं. नाय चेपली तर परत कधी विषय काढणार नाय." मी मान हलवली. तुला वाटलं मी कबूल झालो. मी मनात म्हटलं, भीड जशी नेतो तशी परत आणायची, वाटेत कुठे सांडायची नाय. कारण आते, माझं इथे बंदरावर बरं चाललंय. बर्फाच्या खोलीत माणूस येतो, कुडकुडतो, पाटी भरून घेतो आणि पळतो. इतकं गुणी गिऱ्हाईक कुठल्या धंद्यात नसेल. नववीत आमच्या वर्गात एवढी पोरं होती की उत्तर द्यायला उभं राहिलं की सगळी वळून बघायची, म्हणून तर मी कायमचाच बसलो. आता तू मला परत उभा करणार.

मुंबईला बोटीत चढतानाच काकांचं वाजलं. काकांनी घरचा नारळ आणला होता. बॅगा बघायच्या यंत्रात तो गोल दिसला आणि तिथल्या माणसाने काढून ठेवला, बाहेरचं खायचं आत न्यायचं नाय म्हणून. काका त्याला सांगत राहिले की हा खायचा नाय, समुद्राचा आहे, परत येताना रत्नागिरीवरून जायचं आहे, आपल्या दारावरून जाताना दाराशी न थांबता कसं जायचं. तो हिंदी माणूस. त्याला वाटलं काका बोट रत्नागिरीला थांबवायला सांगतायत. त्याने अदबीने सांगितलं की तसा स्टॉप नाय.

आता गर्दीचं सांगतो. आते, चतुर्थीच्या आधीचा आपला बाजार घे, त्याला छप्पर घाल आणि समुद्रात ढकल. लिफ्टपाशी रांग, जिन्यात फोटो, पोहायच्या टाकीत तर माणसं नुसती उभी, मिठागरात उभी केल्यासारखी. आधी सगळ्यांना एका जागी बोलावून, नारिंगी जाकिटं घालून, बोट बुडाली तर गर्दी कशी करायची नाय ते शिकवतात. त्या जाकिटात काका सगळ्यात मागे उभे राहून, बोटीचं तोंड वाऱ्याला कसं चुकीचं आहे ते मला सांगत होते. (आयुष्यभर ट्रॉलरवर तांडेल होते. हाताखाली आठ खलाशी. दोन हजार माणसांच्या बोटीत आपल्याला कोण काय विचारत नाय, हे त्यांना पहिला अख्खा दिवस पटलंच नाय.)

जेवण म्हणजे पाहिजे ते घ्यायचं, पाहिजे तेवढं. फक्त ते ज्या भांड्यात असतं त्याच्यापुढे माणसं असतात, आणि "जरा सरका" हे मला येत नाय. पहिल्या रात्री मी नुसती काकडी खाल्ली, कारण काकडीपाशी कोण नव्हतं. काकांनी दोन वेळा बिर्याणी आणली, एकदा तर अख्ख्या रांगेला "होडी लागली, बाजू द्या" सांगून.

अजिंक्यदादाला आमच्यापाशी बसायची परवानगी नव्हती, पण त्याने येता-जाता कानात उपाय सांगितला, की नाश्त्याला अगदी दार उघडायच्या वेळी जा, कोण नसतं. गेलो. दारात ही रांग. प्रत्येकाला कोणीतरी हेच सांगितलं होतं. माझ्यापुढचा नाशिकचा माणूस म्हणाला की त्याने मोबाईलवर गर्दी टाळायचे उपाय बघितलेत, आणि एकेक सांगायला लागला. मागच्या दोघांनीही तेच बघितलेलं. मग लायब्ररीत गेलो, तिथे पुस्तकं थोडी आणि सोफ्यावर तीन काका झोपलेले, चौथा जागेची वाट बघत उभा. कपडे वाळवायच्या खोलीकडे जायच्या बोळात गेलो तर तिथे एक नवीन लग्न झालेली जोडी भांडत होती. तीपण गर्दी टाळायलाच आली होती. गर्दी टाळणाऱ्यांची एवढी गर्दी मी कधी बघितली नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी मला माझा उपाय सापडला, तो तुला सांगतो, खानावळीतपण उपयोगी पडेल. माणसं कुठे आहेत ते बघायचं नाय, ती कुठे तोंड करून आहेत ते बघायचं, आणि आपण त्यांच्या पाठीकडे जायचं. जादूचा खेळ असला की जेवणाचा हॉल आपला. केक कापायला घेतला की लिफ्ट आपली. आणि गोवा आला की सगळी बोट आपली. आम्ही गोव्यात उतरलोच नाय, आते. अख्खी माणसं उतरली, आणि काका आणि मी वरच्या डेकवर लांबट खुर्च्यांवर पडून राहिलो. काकांनी डोळ्यांवर टोपी घेतली आणि म्हणाले, "आता कशी बोट वाटते." मग मी तीन प्रकारची पुडिंगं घेऊन आलो आणि ती कोणाला काय न विचारता खाल्ली. एवढं सुख मला बर्फाच्या खोलीतपण मिळालेलं नाय. तू पास दिलेस म्हणून मिळालं, हे विसरणार नाय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा सुटलं. दुपार कलल्यावर काका उठून बसले आणि नाकाने वास घेऊन हाताने खुणा करायला लागले की आता रत्नागिरी येणार. हाताने, कारण एसीने त्यांचा घसा पार बसला होता, आवाज म्हणून नुसता वारा यायचा. अजिंक्यदादाने किचनातून गुपचूप एक नारळ दिला. सोललेला, शेंडीबिंडी काय नाय. काकांनी त्याच्याकडे बिनटोपीच्या जावयाकडे बघावं तसं बघितलं, पण घेतला.

त्या वेळी सगळी बोट सूर्यास्त बघायला पश्चिमेकडे जमली होती. माझ्या उपायाप्रमाणे मी काकांना घेऊन जमिनीकडच्या बाजूला गेलो. चिटपाखरू नव्हतं. लांब धुरकट डोंगराची रेघ, त्यातला कुठला डोंगर भगवतीच्या किल्ल्याचा ते काकांनी बोटाने दाखवलं. आणि मग माझ्या हातात नारळ ठेवला आणि स्वतःच्या घशाकडे बोट दाखवलं. समुद्राला गाऱ्हाणं तू घाल, म्हणजे. मी नाय म्हणून मान हलवली. काकांनी रिकाम्या डेककडे हात फिरवला. खरंच, कोण नव्हतं. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा समुद्रा म्हाराजा, भगवती आये, आज तुझी लेकरं तुझ्या दारावरून चालली, थांबायला वाव नाय, राग धरू नको."

मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

काकांचा घसा बसलेला, म्हणजे हे काका नव्हेत. आते, सूर्यास्ताकडे पाठ करून या बाजूला कोण येणार? ज्याचं घर या बाजूला आहे तोच. मला ते आधी सुचायला पाहिजे होतं. देवगडचे, गुहागरचे, राजापूरचे, जेवढे म्हणून कोकणातले त्या बोटीवर होते ते सगळे आपापला डोंगर बघायला येऊन माझ्यामागे उभे राहत होते. गाऱ्हाणं अर्ध्यात सोडता येत नाय, हे तुला माहीत आहे. नारळ हातात आहे तोवर बोलत राहायचं. पण मला पुढचं आठवेना. काकांच्या गाऱ्हाण्यात पुढे जाळं, इंजिन आणि डिझेल येतं, आणि इथे तिन्ही आमची नव्हती. मग जे मनात होतं तेच बाहेर पडलं.

"बा म्हाराजा, जे कोण लिफ्टची रांग मोडून घुसतात त्यांना बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा."

"जे कोण पाच पाच प्लेटी भरून घेतात आणि टाकून उठतात, त्यांच्या पोटाला समाधान दे."

"व्हय म्हाराजा."

"जे पहाटे टॉवेल टाकून खुर्च्या अडवतात आणि दुपारी येऊन बसतात, त्यांचे टॉवेल वाऱ्याला दे."

या वेळी "व्हय म्हाराजा" फारच मोठ्याने आलं, आणि माझा आवाज मला आभाळातून ऐकू यायला लागला. बोटीवर खेळ घेणारी योगिनी म्हणून एक मुलगी आहे, तिने सूर्यास्ताच्या नाचासाठी आणलेला माईक माझ्या तोंडापुढे धरला होता. मी डोळे मिटलेले, मला काय कळणार. पश्चिमेकडची माणसं सूर्य अर्धा टाकून इकडे आली. गुजराती आले, पंजाबी आले, नाशिकचा तो माणूस आला, आणि सगळे कसलंही काय न कळता व्हय म्हाराजा म्हणायला लागले. मधेच कोण कानात सांगत होतं, मुलाच्या व्हिसाचं घाल, बिल्डिंगच्या पार्किंगचं घाल. मी घातलं. शेवटी मी म्हटलं, "बा म्हाराजा, ही जी काय माणसं माझ्या पाठीशी जमलीत, त्यांना सुखात ठेव, पण लांब ठेव."

त्याला सगळ्यात जोरात "व्हय म्हाराजा" आलं. टाळ्यासुद्धा.

नारळ समुद्रात टाकायला दिला नाय. गार्ड धावत आला, बोटीवरून काय पण फेकायला बंदी. मग समुद्राला नुसता दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोशाबरोबर त्याची चटणी आली. घसा जरा सुटल्यावर काका म्हणाले की समुद्राने वास घेतला, चव आपल्याला ठेवली. पण गाऱ्हाणं मात्र लागलं. त्या रात्री जेवणाला लोकांनी मला कोपऱ्यातलं टेबल मोकळं करून दिलं आणि लांबून हात जोडून गेले. मी पहिल्यांदा पोटभर बिर्याणी खाल्ली.

तर सांगायचं एवढंच की माझी भीड अजिबात चेपलेली नाय. जशी नेली तशी आणली. तेव्हा कबूल केल्याप्रमाणे गल्ल्याचा विषय तू आता काढू नये. गुडघ्याला जप. दीपकला जास्त भात वाढू नको.

तुझा भाचा
शुभंकर

ता.क. अजिंक्यदादा तुला एक व्हिडिओ पाठवेल, किंवा पाठवलापण असेल. त्यात बोलतोय तो मीच, पण नीट बघ, डोळे मिटलेले आहेत. डोळे मिटून बोललेलं भीड चेपण्यात धरत नाय.

ता.क. दुसरा. तो व्हिडिओ मिरकरवाड्यातपण आला. मासे विकणाऱ्या मैनामावशीने लिलावाच्या ओट्यावर सगळ्यांना दाखवला. आता बर्फाच्या खोलीत माणूस येतो, कुडकुडतो आणि जातच नाय. कोणाला इंजिनासाठी गाऱ्हाणं पाहिजे, कोणाला सुरमईसाठी, कोणाला सुनेसाठी. दार उघडं राहतं, बर्फ वितळतो. काल मालक म्हणाले, "शुभ्या, एक तर बर्फ ठेव, नाय तर देव ठेव." तेव्हापासून मी विचार करतोय. देवरूखात समुद्र नाय, म्हणजे होड्या नायत, म्हणजे गाऱ्हाणी कमी. आणि तुझ्या गल्ल्यापुढे लाकडाची फळी आहे. मी आलो होतो तेव्हा बघितलंय, जेवून उठलेला माणूस गल्ल्यावरच्या माणसाकडे बघतच नाय, बडीशेपेकडे बघतो. तेव्हा आते, दसऱ्यापर्यंत थांबायला नको. या सोमवारपासून मला गल्ल्यावर घे. भीड चेपली म्हणून नाय. ती घेऊन कुठे बसायचं ते कळलं म्हणून.

ता.क. तिसरा. उत्तराला फोन करू नको, मला बोलता येणार नाय. पत्राबरोबर दीपककडे डबा दिलाय, आईने सोडे भरलेत. होकार असेल तर डब्यात काय पण घालून परत पाठव. नकार असेल तर रिकामा पाठव. (आपल्या घरात आलेला डबा कोण रिकामा पाठवत नाय, हे मला माहीत आहे. म्हणून तर डबा पाठवतोय.)