तुझ्या साड्या अजून कपाटातच आहेत

प्रिय शैला,

शनिवारी मी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या ऑलिंपिक डोंगरात जाऊन आलो. एकटाच. आल्यापासून ते सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, आणि सांगायचं म्हटलं की अजून तूच आठवतेस. म्हणून लिहायला बसलो.

खरं म्हणजे मी घरातून पळालो होतो. आपली ऋचा स्प्रिंग ब्रेकला आली आहे. तिनं साठेकाकूंना बोलावलं होतं, तुझ्या साड्या घेऊन जायला. "बाबा, ऑलमोस्ट वर्ष झालं. काकू मंडळात सगळ्यांना देतील. आईला चाललं असतं." मी म्हटलं, "कॅन्सल कर." "दरवेळी तू हेच करतोस, बाबा!" ती म्हणाली. मी गाडीची किल्ली उचलली. भांडलो नाही, पण दार जरा जोरात लागलं.

तूच सांग, कशा देऊ? इथं परदेशात, बॉथेलच्या या चिखलात साडी कुठं नेसू म्हणायचीस, आणि नागपूरला गेलीस की बॅग भरून आणायचीस! कशाला आणल्यास इतक्या? आता कपाट उघडवत नाही आणि रिकामंही करवत नाही.

एडमंड्सच्या धक्क्यावर गाडी बोटीवर चढवली. आपण जायचं ठरवलं होतं तेव्हाचे रस्त्याचे छापील कागद गाडीतच पडले होते. ते तुझ्या सीटवर ठेवले. वाचणार कोण? तू एक्झिट मागे गेल्यावर म्हणायचीस, "अहो, हीच होती वाटतं." या वेळी मी एकदाही चुकलो नाही, आणि त्याचंच वाईट वाटत राहिलं.

पाऊस होताच. जंगलात शिरलो तर झाडांच्या फांद्यांवर शेवाळ लोंबत होतं, जणू कुणी ओल्या घोंगड्या वाळत टाकल्यात. पायवाटेवर चिटपाखरू नव्हतं. तुला हे दाखवायचं राहिलं. तुझे बाबा मेळघाटात आश्रमशाळेवर मास्तर, तू कोरकू आदिवासी मुलींबरोबर चिखल तुडवत वाढलेली. इथल्या मूळ लोकांची गावं बघायचीच म्हणून तू मागे लागली होतीस. "ते कसे राहतात, काय खातात, बघू तर द्या हो!" आणि मग एवढ्या घाईनं कुठं निघून गेलीस?

पुढे समुद्राकाठी त्यांचं एक गाव लागलं. कॉफी मिळेल का विचारायला एका हॉलपाशी थांबलो. आत गावजेवण चाललं होतं. दारातल्या आजी म्हणाल्या, "भिजलायस. आत ये, जेव." त्यांची बहीण जाऊन वर्ष झालं होतं, तिच्या नावानं पंगत होती. माशाच्या ताटांमधून मी आपला ब्रेड आणि बटाटे घेतले. आजींनी विचारलं, "बरोबर कुणी नाही?" मी म्हटलं, "बायको होती."

जेवणं झाल्यावर घरची माणसं वाटायला उठली. टॉवेल, गोधड्या, कप, जॅमच्या बाटल्या आणि त्या बहिणीचे स्वतःचे कपडे. आजी माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी बहिणीचा एक लोकरीचा मफलर पुढे केला. मी काय केलं असेल? आपली सवय! दोन्ही हात हलवून म्हटलं, "नो, नो, प्लीज, राहू दे तुमच्याकडेच." आपल्यात नको म्हणायचं, मग समोरच्यानं आग्रह करायचा, मग घ्यायचं. आजींनी आग्रह केला नाही. मफलर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला काही कळेना. तू असतीस तर टेबलाखालून पाय दाबला असतास. "अहो, घ्या ना, काहून नाही म्हणता?"

शेजारी त्यांचा भाचा बसला होता. तो हळूच म्हणाला, "तू नाही घेतलास तर तिला तो परत घरी न्यावा लागेल."

शैला, मी ताडकन उठलो. सॉरी म्हटलं आणि दोन्ही हात पुढे केले. आजींनी मफलर हातात न देता माझ्या गळ्यात घातला, नीट गुंडाळला. मी विचारलं, "तुम्हाला अवघड नाही जात?" त्या म्हणाल्या, "जातं तर. म्हणूनच इतकी माणसं बोलावतो. एकटीनं कुठं जमतंय!" मग पुढच्या माणसाकडे वळल्या. मी गाडीत येऊन काच चढवली आणि खूप रडलो. तू गेल्यावर लोकांसमोर रडायचं म्हणून रडलो होतो, ते वेगळं.

वर्षभर मला वाटायचं, साड्या दिल्या की तू संपलीस. पण दार लावून त्यांच्यापाशी एकटा बसलो होतो, त्यात तू तरी कुठं होतीस?

तुला शब्द देतो. वर्षश्राद्धाला सगळ्यांना घरी बोलावीन. साठेकाकूंकडे गाठोडं नाही देणार, एकेक साडी माझ्या हातानं देईन. कुणी नको नको म्हणालं तर आग्रह करीन, मला येतो तो. ऋचाला आधी तिच्या आवडीची निवडू दे.

आणि आणखी एक. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये गर्दीत कुठंतरी तुझी जांभळी इरकल पाठमोरी दिसेल. जीव एकदम वर येईल, ठाऊक आहे मला. पण मी हाक मारणार नाही.

तुझाच,
दिलीप