भिंगरीचा पाय

३ नोव्हेंबर
भिंगरी लंगडतेय. पुढचा उजवा पाय टेकतच नाही. मांजर आहे, मारली असेल कुठंतरी उडी! जगदेवराव म्हणाले, "मोच आली असेल." तेल चोळायला गेले, तर ओरबाडलं त्यांना. बरं झालं! नवऱ्याची हुकमत तिच्यापुढे चालत नाही.

८ नोव्हेंबर
पायावर गाठ. दगडासारखी कडक. हात लावला की गुरगुरते — माझ्यावर!

९ नोव्हेंबर
माधवगंजात गुरांच्या... नव्हे, मांजरांच्या डॉक्टर गरिमांकडे नेलं. एक्स-रेत हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखं दिसलं. ट्यूमर असू शकतो, छातीतही पसरतो, म्हणाल्या. सुईनं नमुना घेतला. घरी येताना टोपलीतून म्याव नाही की काही नाही. मला धडकीच भरली.

१३ नोव्हेंबर
सुईच्या नमुन्यातून काहीच कळलं नाही. आता हाडाचा तुकडा काढून तपासायचा, डॉक्टर गरिमा म्हणाल्या. "आंटी, इन्फेक्शन भी एक्स-रे में ऐसा ही दिखता है। पहले बायोप्सी, फिर फ़ैसला।" पुण्याहून निवेदिताचंही तेच — "आई, करवा लो ना, प्लीज!" ऐकून हे भडकले. यांचे पणजोबा छावणीत घोडदळात. घोड्याचा दुखरा पाय पुन्हा पुन्हा चिरायचा नाही, निकाल एकदाच लावायचा — हे यांच्या घरचं शास्त्र. आणि मलाही पटलं! एवढ्याशा जिवाला दोनदा बेशुद्ध करायचं? तोवर ते छातीत गेलं म्हणजे?

१४ नोव्हेंबर
काही खात नाही. पलंगाखालून बाहेरच येत नाही.

१५ नोव्हेंबर
सांगून टाकलं — पाय काढा. डॉक्टर गरिमांनी परत एकदा समजावलं. मी म्हटलं, "नहीं, एक ही बार में।" मग त्यांनी सहीचा कागद पुढे केला. यांनी पेन उचललं आणि परत टेबलावर ठेवलं. सही मी केली.

१७ नोव्हेंबर
झालं एकदाचं. शुद्धीवर येऊन उभी राहायला गेली, ती खांद्यावरच पडली. परत उठली, परत पडली. हे बाहेर जाऊन रडले. मी नाही रडले. जीव वाचला ना! कापलेला पाय तपासायला पाठवलाय, तशी पद्धतच असते म्हणे.

२६ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. ट्यूमर नव्हता. हाडात पू झाला होता. औषधांनी बहुतेक पाय वाचला असता.
यांना अजून सांगितलं नाही.