चोवीस आऱ्यांचं कॅबिनेट

३ एप्रिल २००६, सोम.
डीटीपीचं मशीन आज तिसऱ्यांदा आपोआप बंद. जयंतीच्या पत्रकात मिरवणुकीची वेळ टाकत होते, स्क्रीन काळी. सेव्ह केलं नव्हतं, माझंच चुकलं. व्हायरस? व्होल्टेज? काही कळत नाही. पप्पा मागे उभे. "चक्राचा लाइट पण गेला का गं?" त्यांना लाइटचीच पडलीय.

पप्पांची कंपनी दिवाळीत बंद झाली तेव्हापासून नुसते बसून असायचे. आईला वाटायला लागलं होतं की बोलणं विसरले. मागच्या महिन्यात काय झालं कोण जाणे, स्वतःहून कॅबिनेटचा साइडचा पत्रा काढला. हवेची भोकं होती तिथे ब्लेडने कापून, कानशीने घासून अशोकचक्र केलं. मोजून चोवीस आरे. आतून पंखा आणि निळा एलईडी. फिटरचा हात. सुंदर झालंय, खोटं कशाला बोलू.

५ एप्रिल, बुध.
टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. पत्रा लावून ७६. काढून ५७. परत लावला, परत ७५. म्हणजे चक्रच. आरे जाड, मधल्या फटी चिंचोळ्या, हवेला जागाच नाही. पंखा आपला उगाच फिरतोय.

कॅम्प तीनच्या बाजारात पत्रकं द्यायला गेले तेव्हा रिपेअरवाल्या मनोहरभाईंना कागदावर काढून दाखवलं. "दीदी, ये तो शोकेस में रखने का माल है. बीच-बीच के काट डालो ना!" चोवीसातले नेमके कुठले काटू? आणि पप्पांना काय सांगू?

७ एप्रिल, शुक्र.
आडून सांगून बघितलं. "पप्पा, धम्मचक्राला आठच आरे असतात ना? तसं पण छान दिसेल." मला वाटलं, समजतील. उलट एकदम खूश! "बरोबर बोललीस. दुसऱ्या बाजूला आठचं करू." पेन्सिल घेऊन बसलेच. आता त्या बाजूचाही पत्रा जाणार. माझ्या जिभेला काय म्हणावं!

१० एप्रिल, सोम.
नवा उद्योग. पप्पा सकाळी शिवमंदिराकडे फिरायला गेले की पत्रा काढते, जड फाइली तेवढ्यात उरकते. जिन्यात चपला वाजल्या की पत्रा जागेवर.

आई: "घरातल्या घरात चोऱ्या कसल्या करतेस? सांगून टाक."
"तू सांग."
"मी नाही बाई. आत्ता कुठे माणूस जेवताना बोलायला लागलंय."

मी करतेय ते त्यांच्यासाठी की मला सांगायची भीती वाटते म्हणून? दोन्ही असेल. माहीत नाही.

१४ एप्रिल, शुक्र.
जयंती. घरात माणूस मावेना. पप्पांनी पांढरा शर्ट घातला, मशीन मुद्दाम चालू ठेवलं. त्यांच्या कंपनीतले शेलारकाका चक्रावरून बोट फिरवत म्हणाले, "हा हात घरी बसवला राव त्या लोकांनी!" पप्पा हसले. त्यांचे दात किती दिवसांनी दिसले.

वीसेक मिनिटांत मशीन बंद. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पटकन म्हणाले, "लोडशेडिंग."
डोक्यावर ट्यूबलाइट चालू होती.
पप्पांनी एकदा वर बघितलं आणि काकांना सरबत दिलं.

१७ एप्रिल, सोम.
पप्पा अर्ध्या वाटेतून परत आले. चपला वाजल्याच नाहीत, की मीच ऐकल्या नाहीत? पत्रा पलंगावर पडलेला. मी सगळं सांगितलं, उलटसुलट, ७६ आणि ५७ सकट.

"कधीपासून माहितीये?"
"पाच तारखेपासून."
"म्हणजे जयंतीला माहीत होतं."

त्यांनी पलंगावरचा पत्रा उचलला. मग म्हणाले, "कंपनीत पीस रिजेक्ट केला की चिठ्ठीवर कारण लिहायचे. तू तेवढंही नाही केलंस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला रडता तरी आलं असतं. मला त्यांना जपायचं होतं. हे वाक्य तोंडातून निघालंच नाही, आणि निघालं असतं तरी खरं वाटलं असतं का?

१८ एप्रिल, मंगळ.
उठले तर पत्रा नाही, पप्पा नाहीत. आई म्हणाली, पिशवीत गुंडाळून मोरिवलीला घेऊन गेलेत, शेलारकाकांच्या भाच्याच्या वर्कशॉपात.
"आरे बारीक करायला? की भंगारात टाकायला?"
"मला काय विचारतेस? त्यांना विचारायचंस."

दुपारी आले. हात रिकामे. मी विचारणार होते, विचारलं नाही. जेवले, आडवे झाले.

मशीन दिवसभर उघडंच चाललं. ५६ च्या वर गेलं नाही. एकदाही बंद पडलं नाही, अडकलेलं सगळं काम झालं. मला अजिबात बरं वाटत नाहीये.