सरायची ओली भिंत

पूर्णा, ११ मे २०२४

चि. प्राचीस,
काकाचे आशीर्वाद. वि. वि., फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि तू रागावलीस की मुळीच येत नाही, म्हणून पत्र.

स्टेशनाजवळची जुनी सराय धोकादायक आहे, पाडायची आहे, अशी नोटीस तिथल्याच आपल्या वाचनालयाच्या दारावर लागली. अहवालाखाली अभियंता म्हणून तुझी सही. निजामाच्या काळात गाडी चुकलेले मुसाफिर सरायच्या दालनात झोपत. एकतीस वर्षं झाली, मी तिथं पुस्तकं देतो. पुतणीच्या सहीनं ते बंद होणार, याचं वाईट वाटलं. तू नुसते फोटो पाहिलेस, असं नोटीस लावायला आलेला तुमचा शिपाई सांगत होता. खरं असेल तर एकदा येऊन बघ. मग पाडाच म्हणालीस तर किल्ली मी स्वतः देईन. काकूनं लोणचं घातलंय, निदान त्यासाठी तरी ये.

राग आला तरी माया राहू दे.
तुझा काका, व्यंकटराव

नांदेड, २२ मे २०२४

ती. काकांना सा. न.
परवा सराय बघायला आले तेव्हा तोंडानं बोलता आलं नाही, ते लिहिते. शिपाई खरं बोलला. चौदा इमारती तपासायच्या होत्या, दिवस थोडे होते. फोटो पाहून सही केली.

भिंतीची भेग बघून मला तिथंही पाडावंच वाटलं होतं. तुम्ही चहा सांगायला गेलात, तेव्हा झाडलोट करणाऱ्या कासाबाई जवळ आल्या. म्हणाल्या, "पावसाळ्यात समदे छताकडं बघतेत. पर ही भिंत उन्हाळ्यात बी ओलीच राहायलीय, बाई." म्हणून दुपारी फरशी उकरायला लावली, तर भिंतीच्या पायात जुना नळ फुटलेला. तो बंद केला की दालन सुकेल, भेग चुन्यानं भरता येईल. त्याच पाण्यानं पडवीचा पाया मात्र खचलाय, ती वाचणार नाही.

अहवाल मागे घेतला. चूक माझीच, असं लिहून दिलं. साहेब लय चिडले. नोकरी राहील बहुतेक; आईला एवढ्यात सांगू नका.

काकूंना नमस्कार, माझ्यावर लोभ ठेवा.
प्राची

पूर्णा, ६ ऑगस्ट २०२४

चि. प्राचीस आशीर्वाद.
दालनाचं काम झालं. आठ दिवस पाऊस पडायलाय, तरी आत कोरडं आहे. पडवी गेल्या सोमवारी उतरवली. मी समोर उभा होतो.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी ती ओल मला पहिल्यांदा दिसली होती. बोललो तर वाचनालय बंद करतील, या भीतीनं मी वरून तैलरंग मारून घेतला. कासाबाई तेव्हाही सांगत होत्या. मीच त्यांना गप्प बसवलं. त्या वेळी नळ शोधला असता तर पडवी आज उभी असती. तू दोन दिवसांत चूक लिहून दिलीस, मला अकरा वर्षं लागली. शुक्रवारी मंडळाला सगळं लिहून दिलं आणि वाचनालयाचं सचिवपद सोडलं.

आज पुस्तक मागायला गेलो, तर नव्या सचिव रुपालीताईंनी मला रांगेत उभं राहायला सांगितलं. राहिलो.

तुझं क्षेम कळव, काकावरची माया कमी करू नकोस.
व्यंकटराव