स्वेटर उशाशी ठेवलाय

ए झोपाळू,

तुझ्या दादाला आपली गल्ली सापडत नाहीये, म्हणून त्याला आणायला कोपऱ्यापर्यंत जातेय. समोरच्या नर्सताईंना स्वयंपाकघरात मीच बसवलंय. त्यांच्यावर डोळे वटारू नकोस.

हो, दादाला फोन मीच केला. सांगू नकोस म्हणाली होतीस, तरी केला. दिवस लहान झाले की तू मिटतेस, हे मागच्या हिवाळ्यातही पाहिलं होतं. लेक्चर बुडवून लोळत पडायचीस तेव्हा मी नुसती चिडायचे. पण काल तू अचानक खोली आवरलीस, हसलीस आणि तुझा लाडका निळा स्वेटर मला देऊन टाकलास. मी वेडी, खूश झाले. आज वर्गात तो अंगात असताना एकदम वाटलं, अजून अख्खी थंडी जायचीय, मग ही काय घालणार? धावत घरी आले. तू झोपली होतीस. श्वास चालू आहे ना, ते वाकून पाहिलं.

उठलीस की हवं तेवढं भांड, दादासमोर भांड. पण स्वेटर मला नको. थंडी आहे, तू घाल.

— तुझी कटकट