अद्वैतच्या पथ्याचे एकवीस दिवस

६ जानेवारी, सोमवार
गहू बंद, दूध बंद, शेंगदाणे, तीळ, तूरडाळ, अंडी, वांगं — सगळं बंद! एकवीस दिवस. नांदेडच्या डॉक्टरांनी यादीच हातात दिली. दसऱ्यानंतर अद्वैतच्या अंगावर अधूनमधून गांधी उठतात, त्या कशानं, ते असंच शोधायचं म्हणे. आधी सगळं काढायचं, मग एकेक परत द्यायचं. रोजचं खाणं वहीत लिहायचं. मागच्या महिन्यात ओठ सुजला, श्वास अडकला. नऊ वर्षांचं लेकरू माझ्या मांडीवर निळं पडत होतं! ते डोळ्यांसमोरून जात नाही.

पथ्य घरातल्या चौघांनीही पाळायचं असं मी ठरवलं. पुण्याच्या बहिणीनं, साधनानं, स्लो कुकर पाठवलाय. सकाळी तांदूळ, मूगडाळ, दुधी टाकायचा, बटण दाबायचं आणि शाळेत शिकवायला निघायचं. पाचला येईपर्यंत आपोआप शिजतं.

९ जानेवारी, गुरुवार
दुपारी तीन तास लाईट नव्हती. डाळ कच्ची, दुधीचं नुसतं पाणी. ह्यांनी एक घास खाल्ला आणि ताट भिंतीवर भिरकावलं. "दिवसभर दुकानात पाण्याच्या जळक्या मोटारी बांधून येतो मी, अन् हे आजाऱ्याचं खायचं?" मीही वाटी फेकली. ह्यांच्या भुवईला लागली, रक्त आलं. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू!

सासूबाई भिंत पुसत म्हणाल्या, "प्रेमा, भाकर तरी करू दे गं. जवारीनं काय व्हतंय?" यादीत ज्वारी नाही. तरी मी नाहीच म्हटलं. एकदा सूट दिली की त्यांचा हात सगळ्या डब्यांत जाणार.

११ जानेवारी, शनिवार
उपास. कुकरला सुट्टी, वहीलाही. संध्याकाळी सासूबाई अद्वैतला मारुतीला घेऊन गेल्या.

१२ जानेवारी, रविवार
गांधी! पाठभर, मांड्यांवर. आठवडाभर अंग कसं स्वच्छ होतं! कुणीतरी काहीतरी दिलंय. घरातली एकूण एक डबी उघडून पाहिली. सासूबाईंच्या पिशवीत पेढ्यांचा रिकामा पुडा! "ते मागल्या महिन्यातलं हाय बाई. म्या न्हाई दिलं त्याला." मागल्या महिन्यातलं! मी काय दूधखुळी आहे?

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. शेजारच्या मिराबाई तिळगूळ घेऊन आल्या. अद्वैतनं हात पुढं केला, मी त्या हातावरच फाडकन चापट मारली. लाडू अंगणभर. "सणाच्या दिवशी लेकराला मारून राहिली व्हय?" मिराबाई म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. अद्वैत रडला नाही. आजीच्या मागं जाऊन उभा राहिला.

१८ जानेवारी, शनिवार
उपास. आज देवळात जाऊ दिलं नाही. पण माझी सकाळची शाळा होती, तेवढा वेळ तो सासूबाईंपाशीच.

१९ जानेवारी, रविवार
ओठ पुन्हा सुजला. धावत दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, दुपारी उतरलं. घरी आल्यावर मी त्याला धरलं. कोणी काय दिलं, सांग. "कोनीच न्हाई मम्मी." पट्टीनं मारलं. "कोनीच न्हाई." पट्टी मोडली. मी लाटणं घेतलं. तिसऱ्या फटक्याला म्हणाला, "आजीनं! आजीनं पेढा दिला!"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "व्हय, म्याच दिला. सोड त्याला."

इतक्या शांतपणे! पोर मरायला टेकलं होतं आणि ही बाई म्हणते, व्हय! स्लो कुकर चालू होता. त्यातलं चिनीमातीचं भांडं फडक्यानं उचललं आणि फेकलं. वाफाळती डाळ त्यांच्या उजव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत. त्या ओरडल्या नाहीत. आधी अद्वैतला मागं ढकललं, तुकडे लागू नयेत म्हणून. मग खाली बसल्या.

ह्यांनी माझे केस धरून मला ओट्यावर आपटलं. कपाळाला चार टाके. रक्त डोळ्यांत येत होतं तरी मी ओरडतच होते — हिनं माझं लेकरू मारलं असतं!

२१ जानेवारी, मंगळवार
देविदासमामा, सासूबाईंचे भाऊ, येऊन त्यांना माहेरी गोरेगावला घेऊन गेले. दवाखान्यात सासूबाईंनी सांगितलं, पाय घसरून पडले, भाजलं. माझं नाव घेतलं नाही. लाज वाटली. थोडी. पण आता चोरून द्यायला घरात कोणी नाही. आता पोरगं बरं होईल.

२५ जानेवारी, शनिवार
उपास. ह्यांनी बोलणं टाकलंय.

२६ जानेवारी, रविवार
गांधी. गळ्यापर्यंत. काल मी रजा काढली, दिवसभर तो माझ्याच नजरेसमोर होता. देऊळ नाही, शेजार नाही, सासूबाई नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार
डॉक्टरांनी वही चाळली. "शनिवार कोरे का?"
म्हटलं, शनिवारी मारुतीचा उपास असतो, घरात सगळ्यांनाच.
"म्हणजे मुलगा दिवसभर काहीच खात नाही?"
"नाही हो, उपासाचं खातो की!"
"उपासाचं काय?"

मी सांगायला लागले. कूट बंद, म्हणून साबुदाण्याची खिचडी नाही केली. राजगिऱ्याची थालीपीठं केली. राजगिऱ्याचे लाडू... डॉक्टरांनी मधेच थांबवलं. "उपास कधीपासून धरला त्यानं?" दसऱ्यापासून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रक्त तपासून खात्री करू म्हणाले, पण राजगिरा आजपासून बंद.

मी! माझ्या हातानं. तीन शनिवार गरम गरम थापून वाढलं, आणखी एक घे रे राजा म्हणून. उपासाचं ते काही खाणं नव्हे, हेच लहानपणापासून डोक्यात. म्हणून वहीत लिहायचं सुचलंच नाही. मग त्या "व्हय" का म्हणाल्या? दिलाच नव्हता तर व्हय का म्हणाल्या?

२८ जानेवारी, मंगळवार
सासूबाईंना आणायला गोरेगावला निघालो. जीपमध्ये अद्वैतला विचारलं, आजीनं पेढा दिला नव्हता ना? मग तिचं नाव का घेतलंस? तो म्हणाला, "आजीच म्हनली व्हती. मम्मी लई मारू लागली तर माझं नाव घे, मी व्हय म्हनते."