विश्व-हुंकार, मुलुंड पूर्व

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी, कारण आजपासून चळवळ. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची गैरसोय नको.

सकाळी पेपरात वाचलं की जगात कोट्यवधी लोकांना अजून वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते वाचत नाहीत. चहा तसाच राहिला. विमा कंपनीतून रिटायर झाल्यापासून गुडघे सोडले तर माझं सगळं शाबूत आहे. हे काम माझ्यासाठीच शिल्लक ठेवलेलं दिसतं.

नाव ठरलं: विश्व-हुंकार. आमचे बाबा गिरणीतून आले की चाळीच्या गॅलरीत गोष्ट सांगायचे. ऐकणाऱ्याने दर वाक्याला हूं म्हणायचं, असा नियम. हूं थांबला की बाबा थांबायचे. मालवणीत म्हणायचे, हूं म्हण रे, नायतर मी निजतलंय. आता तोच हूं जगभर न्यायचा. गोष्ट मुलुंडहून सुटणार, हूं सहा खंडांतून येणार. १ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेपाच, सोसायटीच्या हॉलमधून लाइव्ह. सातवा खंड अंटार्क्टिका. विचाराधीन.

क्षमाला सगळा प्लॅन सांगितला. मेथी निवडता निवडता ती दर वाक्याला हूं म्हणाली. बायको असावी तर अशी. नंतर तीही पार्किंगबद्दल काहीतरी सांगत होती. मी हूं म्हणालो.

६ जानेवारी, मंगळवार

संकल्प: जगाला वाचायला लावण्याआधी स्वतः रोज पन्नास पानं.

आज चार. चौथ्या पानावर डोळा लागला. दुपारची वेळ चुकीची, उद्यापासून सकाळी.

७ जानेवारी

सकाळची वेळही चुकीची.

९ जानेवारी, शुक्रवार

व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नातेवाईक, ऑफिसातले जुने लोक, डेंटिस्ट, सगळ्यांना ॲड केलं. बरेच जण लगेच बाहेर पडले. डेंटिस्ट सगळ्यात आधी. चळवळीत अशी गळती व्हायचीच. कचरा आपोआप निघून जातो.

साडेपाचला क्षमा खाली जाते (बहुधा वॉकला), तेव्हा घर रिकामं. ती वेळ रेकॉर्डिंगला फिक्स केली. पहिली व्हॉइस नोट: गोष्टींचे जागतिक महत्त्व, भाग एक. ऐन रंगात आलो होतो आणि खालून पार्किंगमधून पोरांचा कलकलाट. मध्येच सगळी एका सुरात हुं, हुं करतात. कुठला तरी मोबाइल गेम असणार. या पिढीला गोष्टी माहीतच नाहीत, त्याला ती तरी काय करणार. तरी राग आलाच.

१० जानेवारी, शनिवार

हद्द झाली. माझ्या स्कूटरच्या जागेवर कुणीतरी खडूने क का कि की लिहून ठेवलंय. 'कृ' तर थेट चाकाखाली. ओल्या फडक्याने पुसून काढलं, कंबर धरली. मग सेक्रेटरी यज्ञेशला लेखी तक्रार दिली: 'सबब, आवारातील अनधिकृत बालगर्दीचा व भूपृष्ठलेखनाचा तातडीने बंदोबस्त व्हावा.' यज्ञेश म्हणाला, काका, नक्की कमिटीपुढे ठेवू ना? म्हटलं, नक्की. तो आणखी काहीतरी सांगू बघत होता, पण मला रेकॉर्डिंगला उशीर होत होता.

१४ जानेवारी, संक्रांत

युरोप मिळाला. भाची रेवतीचा डब्लिनहून फोन. तिचा सर्वेश तीन वर्षांचा, महिनाभर धड झोपत नव्हता. काल तिने माझा भाग एक लावला, दुसऱ्या मिनिटाला पोरगं गाढ. म्हणाली, मामा, रोज पाठव प्लीज, आणि जरा लांब पाठव. मैत्रिणींनाही फॉरवर्ड केलाय, एक ऑस्ट्रेलियात असते.

म्हणजे ऑस्ट्रेलियाही मिळाला.

शब्दांची ताकद म्हणतात ती हीच. क्षमाला सांगितलं. ती हसायला लागली ती थांबेचना. आनंद झाला असणार. तिळगूळ देताना ती म्हणाली की तुम्हीही एकदा या ना खाली. मी हूं म्हणालो.

१७ जानेवारी, शनिवार

यज्ञेश कामाचा माणूस. नोटीस बोर्डावर सर्क्युलर: एका सभासदाच्या तक्रारीवरून पार्किंगमधले मुलांचे उपक्रम बंद. संध्याकाळी एकदम शांतता. भाग सहा एका टेकमध्ये ओके.

क्षमा वॉकवरून लगेच परत आली. तोंड उतरलेलं. गॅस लावलाच नाही. कुणीतरी तक्रार केली म्हणून सांगत होती, प्रांजल रडली म्हणाली. प्रांजल म्हणजे वॉचमनची मुलगी. मी कथेचा आराखडा करत होतो, हूं म्हणालो. कोण करत असेल हो असं, असं तिने विचारलं. म्हटलं, काही लोकांना मुलांचं काही पडलेलंच नसतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी सहसा इतकं मार्मिक बोलत नाही.

२१ जानेवारी

जगाला सांगायची गोष्ट दुसऱ्या कुणाची कशाला? स्वतःच लिहितोय: 'एका लॅप्स पॉलिसीची कहाणी'. नायक डेव्हलपमेंट ऑफिसर. पहिली तीन पानं नियम आणि अटी. त्याशिवाय वाचक पुढच्या प्रसंगाला तयार होणार नाही.

पन्नास पानांचा संकल्प तात्पुरता स्थगित. लेखकाने लिहिताना वाचू नये, प्रभाव पडतो.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर माइकवर चळवळीची घोषणा केली. साक्षरता या शब्दावर जरा थांबलो, टाळ्यांसाठी. यज्ञेशला वाटलं भाषण संपलं. त्याने माइक घेऊन बटाटेवडे आल्याचं सांगितलं. टाळ्या तेव्हा पडल्या.

घरी येताना क्षमा रविवारच्या हॉलबद्दल काहीतरी विचारत होती. मुलं, यज्ञेश, अर्धा भाग, चालेल का, असं काहीसं. मी हूं म्हणालो.

३१ जानेवारी, शनिवार

पूर्वतयारी. आशिया: मी. आफ्रिका: आमचा मुलगा केयूर, नोकरीनिमित्त नैरोबीला. बाबा मी जॉइन होतो पण कॅमेरा ऑफ ठेवेन म्हणाला. युरोप: रेवती. ऑस्ट्रेलिया: रेवतीची मैत्रीण, पण तिथे मध्यरात्र होते म्हणून तिने रेकॉर्डिंग मागितलंय, झोपेसाठीच हवं म्हणाली. दोन्ही अमेरिका: डेंटिस्टचा मुलगा बोस्टनला आहे, पण डेंटिस्ट फोन उचलत नाही.

हॉलमध्ये पन्नास खुर्च्या लावून घेतल्या. कमी पडल्या तर आणखी मागवता येतील.

इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. ऑफिसात एवढी वर्षं मी मीटिंगमध्ये बोलायला लागलो की लोक चहा मागवायचे. उद्या एकदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे. बाकी खंड नाही मिळाले तरी चालेल.

१ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहितो.

सव्वापाचला हॉलमध्ये तीन माणसं. मी, कुलूप उघडायला आलेला यज्ञेश आणि कॅरम बोर्ड मोकळा होण्याची वाट बघणारे दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ.

साडेपाचला दार उघडलं आणि पोरंच पोरं आत. आपल्या सोसायटीतली इंग्लिश मीडियमची, वॉचमनची प्रांजल, इस्त्रीवाल्याचे दोघे, मागच्या चाळीतली आणखी काही. मागून क्षमा, हातात खडूंची डबी. गर्दी जमवायला गेली होती, असं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. पोरं खुर्च्या सोडून सरळ फरशीवर बसली, तिच्याभोवती.

मी सुरुवात केली. हूं म्हणायचं, असं समजावायला गेलो, तर सगळी एका आवाजात म्हणाली की आम्हाला माहीत आहे. पहिल्या पानाला छान हूं आला. दुसऱ्याला थोडा. तिसऱ्या पानावर, कलम सातमध्ये, स्क्रीनवर सर्वेश रेवतीच्या खांद्यावर झोपलेला दिसला. केयूरच्या बाजूने घोरणं ऐकू आलं. तो म्हणतो तो फॅन होता. भाऊ कॅरमच्या सोंगट्या मांडायला लागले. प्रांजलने हात वर केला. मला वाटलं शंका आहे. तिने विचारलं, आजोबा, गोष्ट कधी सुरू होणार?

मी पाणी प्यायलो. मग पोरं क्षमाला म्हणाली, आजी, तू सांग ना.

क्षमाने माझ्याकडे बघितलं. मी हूं म्हणालो.

तिने एका बेडकाची गोष्ट सांगितली. बेडूक इमारतीच्या पाण्याच्या टाकीत राहतो आणि टँकरचं पाणी आलं की त्याला सर्दी होते. लॉजिक शून्य. कलमं नाहीत. मध्येच ती फरशीवर खडूने 'टा' लिहायची आणि पोरं वाचून पुढचा शब्द ओरडायची. प्रांजलने 'टाकी' अख्खं वाचलं आणि सगळ्यांकडे वळून बघितलं. केयूरचा कॅमेरा चालू झाला. आईच्या दर वाक्याला नैरोबीहून हूं यायला लागला, लहानपणी म्हणायचा तस्साच. सर्वेश उठून बसला. रेवतीच्या शेजारचा आयरिश पोरगा तिच्याकडे खेळायला आला होता. त्याला मराठीचा गंध नाही, पण तोही सर्वेशचं बघून हूं म्हणत होता. भाऊंचा स्ट्रायकर हातातच राहिला.

माझा हूं कधी सुरू झाला ते कळलं नाही. बेडूक पाइपमध्ये अडकला आणि क्षमाने तिथेच गोष्ट थांबवली. बाकीची उद्या म्हणाली. मला वाईट वाटलं. बेडकाचं, आणि माझंही. माझंच जास्त.

रात्री ग्रुपवर टाकलं: 'तीन खंडांतून हुंकार. कार्यक्रम माझ्या मार्गदर्शनाखाली यशस्वी.' केयूरने हसणारा चेहरा पाठवला. दोन पाठवले.

२ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी यज्ञेश पेढे घेऊन आला. क्षमाकाकूंचा वर्ग काल सगळ्यांना कळला, कमिटीने पार्किंग परत दिलं, आजपासून चालू करा म्हणाला. दिवाळीपासून बिचाऱ्या रोज शिकवत होत्या, म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, काका, आता तुमची ती तक्रार मागे घेतल्याची दोन ओळींची चिठ्ठी तेवढी द्या.

उरलेला अर्धा पेढा मी परत बॉक्समध्ये ठेवला.

तो गेल्यावर मी क्षमाला सांगायला लागलो की बालगर्दी म्हणजे माझ्या मनात वेगळी होती. ती म्हणाली, माहीत होतं मला. अख्ख्या मुलुंडात 'भूपृष्ठलेखन' लिहिणारा माणूस एकच आहे. विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, दिवाळीपासून बोलतेच आहे. तुम्ही हूं म्हणता. मला वाटायचं, हूं म्हणताय म्हणजे ऐकताय.

एवढं बोलून चहा ठेवायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

खरंच शरम वाटली. तक्रार मागे घेतल्याची चिठ्ठी लिहिली. 'सबब' काढून टाकलं. आणि बेडकाचं पुढे काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, साडेपाचला खाली या, फरशीवर बसा, सगळ्यांसारखं ऐका.

संकल्प: आजपासून ऐकणार. विश्व-हुंकारचं नवं धोरण हेच: आधी कान, मग तोंड. याचा एक जाहीरनामा करावा. कलम एक, ऐकणाऱ्याने लक्ष समोरच्याकडे ठेवावे. कलम दोन, ऐकताना अन्य लेखन करू नये. कलम तीन सुचतंय. क्षमा दारातून काहीतरी म्हणतेय. हूं म्हणालो.

सं. ६.१०

जाहीरनामा पूर्ण, एकूण अकरा कलमं. घरात कुणी नाही. खालून पोरांचा हूं ऐकू येतोय.

मघाशी बहुधा ती 'चला' म्हणाली होती.